दर वेळी बरा होणारा बोका

मागच्या भागानंतर एकाच धाटणीचे बरेच व्हॉइस नोट आले. घरात तीन-चार मांजरं आहेत, त्यातलं एकच सारखं आजारी पडतं, रिपोर्ट नॉर्मल येतात, औषधाने बरं होतं आणि महिन्या-दोन महिन्यांनी परत तेच. करायचं काय?

माझ्याकडे चार आहेत. नाशिकला, इंदिरानगरमध्ये, दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये. ठमी, काजू, पिंकी आणि भोपळ्या. आजचा विषय आहे भोपळ्याची लघवी. जेवत असाल तर पॉज करा, नंतर ऐका.

भोपळ्या चार वर्षांचा, नसबंदी झालेला केशरी बोका. त्याचं दुखणं असं: लिटर बॉक्समध्ये पाच-पाच मिनिटं बसायचं, दोन थेंब पडायचे, बाहेर यायचं, परत जायचं. मग बाथरूमच्या जाळीवर बसून बघायचं. थेंब गुलाबी. मधूनच कण्हणं, आणि खालचा भाग चाटून चाटून लाल केलेला.

पुढे जाण्याआधी एक सांगते, कारण ऐकणाऱ्यांपैकी कुणाला कदाचित आत्ताच निघावं लागेल. बोका जोर करतोय आणि थेंबसुद्धा येत नाहीये, तर हे बंद करा आणि डॉक्टरकडे जा. सकाळची वाट बघू नका. बोक्याची मूत्रनळी फार अरुंद असते, ती तुंबली की लघवी मागे साठते, रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि हृदय बंद पडू शकतं. एक-दोन दिवसांत खेळ संपतो. घरातले म्हणतात, "संडासला होत नसेल, एरंडेल द्या." नका देऊ. पोटही दाबून बघू नका. आणि माणसांची पॅरासिटामॉल तर अर्धी गोळीसुद्धा नाही, मांजराचं शरीर ती पचवूच शकत नाही, जीव जातो.

भोपळ्याचं तसं तुंबलं नव्हतं, थेंब येत होते. लघवी तपासली, एक्स-रे काढला, सोनोग्राफी झाली. खडा नाही, जिवाणू नाहीत. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं: फीलाइन इडिओपॅथिक सिस्टायटिस. मांजराच्या मूत्राशयाचा दाह. आणि 'इडिओपॅथिक' म्हणजे कारण सापडत नाही, हेच जरा भारदस्त शब्दात. हे दुर्मीळ नाही बरं का. तरुण मांजरांना लघवीचा असा त्रास झाला तर निम्म्याहून जास्त वेळा हेच निघतं. जिवाणूंचा संसर्ग त्या वयात क्वचित, तो म्हाताऱ्या मांजरांत जास्त.

आता खरी गोम ऐका. हा त्रास बहुतेक मांजरांत आठवडाभरात आपोआप ओसरतो. काही दिलं तरी, नाही दिलं तरी. पहिल्या वेळी आमच्याकडे अँटिबायोटिक झालं, सहा दिवसांत बरा. दुसऱ्यांदा ऑनलाइन मागवलेली पावडर, सहा दिवसांत बरा. तिसऱ्यांदा मावशीने धन्याचं पाणी सुचवलं, ड्रॉपरने पाजलं. बरा. चौथ्यांदा आईने कालिकामातेला नारळ बोलला. बरा. शंभर टक्के यश, सगळ्यांचंच! पाचव्या वेळी डॉक्टरांनी फक्त दुखणं कमी करायचं औषध दिलं, बाकी काही नाही. तेच सहा दिवस.

म्हणून डॉक्टरकडे जाऊच नये असं नाही. जीव कळवळत असतो, वेदनेचं औषध लागतंच, आणि नळी तुंबत नाहीये ना हे दर वेळी बघावं लागतं. पण कुठला उपाय खरा हे त्या आठवड्यात कळणार नाही. कळेल ते पुढच्या महिन्यांत. 'बरा झाला का' हा प्रश्न सोडा, 'किती दिवसांनी परत झालं' हा धरा. त्यासाठी लागते तारीख.

मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये प्रत्येक मांजराला एक रंग द्या. भोपळ्या अर्थातच केशरी. नुसता आजार नाही, त्या आठवड्यात घरात काय चाललं होतं तेही लिहा. जुन्या वेळा मी अशा शोधल्या: तारखा औषधाच्या बिलांवरून आणि घरातल्या घडामोडी फॅमिली ग्रुपवरच्या फोटोंवरून. पाच वेळा, दहा-अकरा महिन्यांत. एक लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी. एक मामेभावाच्या लग्नाला आमच्याकडे नऊ माणसं उतरली होती तेव्हा. एक बाहेरचा बोका बाल्कनीत यायला लागला तेव्हा. एक वरच्या मजल्यावर फरशा फोडत होते त्या आठवड्यात. आणि एक, समोरचा रस्ता २०२७ च्या सिंहस्थासाठी खणायला घेतला तेव्हा. पाच ठिपक्यांवरून काही सिद्ध होत नाही, हे मलाही कळतं. पण बघून अंगावर काटा आला.

अमेरिकेत ओहायो स्टेट विद्यापीठात डॉ. टोनी बफिंग्टन यांनी या आजारावर बरीच वर्षं काम केलं. त्यांच्या गटाचा २०११ मधला एक अभ्यास मला फार आवडतो. हा आजार असलेली २० मांजरं आणि धडधाकट १२, अशी ७७ आठवडे पाहिली. रोजचा क्रम मोडला, सांभाळणारं माणूस बदललं, की आजारी मांजरंच नाही, निरोगी मांजरंसुद्धा उलट्या करायची, जेवण टाकायची, बॉक्सच्या बाहेर घाण करायची. म्हणजे बिघाड एकट्या मूत्राशयाचा नाही. त्याआधी, २००६ मध्ये, त्यांनी घरोघरच्या ४६ मांजरांच्या मालकांना औषधाऐवजी घराची मांडणी आणि दिनक्रम बदलायला लावला आणि १० महिने पाठपुरावा केला. त्रास बराच कमी झाला. तुलनेला दुसरा गट नव्हता, त्यामुळे मी तो अभ्यास जरा हात राखूनच सांगते. आपोआप ओसरणाऱ्या आजारात तुलना नसेल तर काय होतं ते आत्ताच ऐकलंत, कालिकामातेच्या नारळासकट.

पण चार मांजरांच्या घरात त्याआधी एक अडचण असते: हे नक्की कुणाचं? बाथरूममध्ये गुलाबी थेंब दिसला, चौघं निरागस चेहऱ्याने बसलेत. डॉक्टर फ्लुरोसीन नावाचा रंग देऊ शकतात, मग त्या मांजराची लघवी अतिनील टॉर्चखाली चमकते. शी कुणाची हे कळायला तर मुलांच्या बिनविषारी क्रेयॉनचा कीस जेवणात मिसळतात, ज्याचा जो रंग! मी सोपं केलं. ड्रॉवरमधला जुना फोन काढला, कॅमेऱ्याचं अॅप टाकलं, पॅसेजमध्ये लावला.

त्यात जे दिसलं ते बघून मी गप्प झाले. पिंकी पॅसेजच्या तोंडाशी पसरलेली. गुरगुरत नाही, पंजा मारत नाही, काहीच करत नाही. फक्त तिथे असते. भोपळ्या येतो, तिला बघतो, परत जातो. रात्रीतून तीनदा. तिन्ही लिटर बॉक्स पलीकडच्या बाल्कनीत, ओळीने. आम्ही म्हणायचो, आमची मांजरं कधी भांडत नाहीत.

नियम असा सांगतात की मांजरांपेक्षा एक बॉक्स जास्त, आणि वेगवेगळ्या जागी. शेजारीशेजारी ठेवलेले तीन म्हणजे मांजराच्या लेखी एकच. पाचवर आई म्हणाली, "हे घर आहे की संडास?" चारवर तह झाला. मेनरोडवरून प्लॅस्टिकचे उथळ टब आणले, काम भागतं. जेवणाच्या वाट्या चार ठिकाणी केल्या. कपाटावरची सुटकेस काढून तिथे गोधडी टाकली, खाली स्टूल, म्हणजे पॅसेज टाळून वरून जाता येतं. बाहेरच्या बोक्यासाठी बाल्कनीला जाळी.

आणि पाणी. मांजरांचे पूर्वज कोरड्या मुलखातले, तहान कमी, लघवी घट्ट. कोरड्या दाण्यांत जेमतेम दहा टक्के पाणी असतं, ओल्या खाण्यात पाऊणएक भाग. आता दाण्यांसोबत ओलं खाणं आणि वरून चिकन उकडलेलं पाणी. मीठ नाही आणि, नाशिककरांनो, कांदा तर अजिबात नाही. कांदा-लसूण मांजराला विष आहे.

केशरी ठिपक्यांचा हिशेब सांगते. आधी तीन महिन्यांच्या वर कधी फट गेली नव्हती. शेवटचा ठिपका सात महिन्यांपूर्वीचा आहे, आणि मधली दिवाळी कोरडी गेली. त्या चार दिवसांत आतल्या खोलीत त्याचा बॉक्स, त्याची गोधडी, पडदे ओढलेले आणि पंखा फुल. समोरचा रस्ता अजून खणलेलाच आहे. वेदनेच्या औषधाची चिठ्ठी फ्रिजवर लावलेली आहे, शेजारी रात्री उघड्या असणाऱ्या दवाखान्याचा नंबर.

तुमच्या डॉक्टरांना दाखवायला मांजराचा व्हिडिओ काढाल तेव्हा दोन गोष्टी बघा: बसल्यावर पाठीची कमान दिसली पाहिजे, आणि उठल्यावर लिटर ओलं झालं की नाही तेही दिसलं पाहिजे. तो व्हिडिओ घेऊनच जा, कारण टेबलावर ठेवल्यावर ही मंडळी काही म्हणजे काही करून दाखवत नाहीत.