श्वासातले शिसे



शहराच्या हवेचा विषय निघाला की धूर आणि धूळ हे दोन शब्द सहज ओठांवर येतात. धूर डोळ्यांना झोंबतो, धूळ खिडकीच्या गजांवर साचते. म्हणून त्यांच्याविषयी तक्रार तरी होते. परंतु त्याच धुळीच्या पोटातून शिसे, आर्सेनिक, निकेल, कॅडमियम यांसारखे धातू शरीरात शिरतात. त्यांना ना रूप, ना गंध. त्यांतील शिशाची कथा विशेष बोधप्रद आहे. तीत लोभ आहे, निश्चयाचा विजय आहे आणि अर्ध्यावर राहिलेले एक कर्तव्यही आहे.

शिसे भारतीयांना अपरिचित नाही. रसशास्त्रात त्याला ‘नाग’ म्हटले आहे आणि अशुद्ध स्वरूपात तो वापरू नये, असे ग्रंथकारांनी बजावले आहे. या नागाला हवेत मोकळे सोडले ते विसाव्या शतकाने. डिसेंबर १९२१ मध्ये अमेरिकेतील जनरल मोटर्स या कंपनीचे संशोधक थॉमस मिजली यांना असे आढळले की, टेट्राएथिल लेड हे शिशाचे संयुग पेट्रोलमध्ये मिसळले की इंजिनातील ठोके थांबतात. १९२४ मध्ये न्यू जर्सीतील एका तेलशुद्धीकरण कारखान्यात हे संयुग हाताळणारे कामगार भ्रमिष्ट होऊन मृत्यू पावले. विक्री काही काळ थांबली, पण १९२६ मध्ये ती पुन्हा सुरू झाली. पुढे अनेक दशके जगातील बहुतेक शहरांच्या हवेत मोटारींच्या धुरातून शिशाचे सूक्ष्म कण मिसळत राहिले.

या कणांचे कपट असे की, शरीर शिशाला कॅल्शियम समजून फसते. ते हाडांत साठते, वर्षानुवर्षे तेथे राहते आणि गर्भारपणात मातेच्या हाडांतून सुटून गर्भापर्यंत पोहोचू शकते. मोठ्या माणसांत ते रक्तदाब वाढविते, मूत्रपिंड व हृदय यांना इजा करते. परंतु खरा घाव बसतो तो वाढत्या मेंदूवर. पोटात गेलेले शिसे लहान मुलांचे शरीर मोठ्यांच्या चार ते पाच पट शोषून घेऊ शकते. १९७९ मध्ये अमेरिकेतील डॉ. हर्बर्ट नीडलमन यांनी शाळकरी मुलांचे पडलेले दुधाचे दात तपासले. ज्यांच्या दातांत शिसे अधिक होते, ती मुले बुद्धीच्या चाचणीत मागे होती, वर्गात लक्ष देऊ शकत नव्हती. वरकरणी ती आजारी नव्हती! रक्तातील शिशाची कोणतीही मात्रा निर्धोक म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

भारताने या संकटाला उत्तर दिले, हे अभिमानाने सांगितले पाहिजे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस जॉर्ज फाउंडेशनने मुंबई, दिल्लीसह मोठ्या शहरांत केलेल्या पाहणीत बारा वर्षांखालील निम्म्याहून अधिक मुलांच्या रक्तात दर डेसिलिटरमागे १० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त शिसे आढळले होते. त्याआधीच वाहनांच्या प्रदूषणाविषयी ॲड. एम. सी. मेहता यांची जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयात चालू होती. १९९५ मध्ये चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले आणि १ फेब्रुवारी २००० पासून ते देशभर लागू झाले. त्याच वर्षी १ जानेवारीला युरोपीय संघाने शिसेयुक्त पेट्रोलची विक्री बंद केली होती. शेवटचा देश ठरला अल्जीरिया; तो दिवस उजाडायला २०२१ साल यावे लागले.

मग काम संपले काय? नाही. २०२० मध्ये युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थांनी प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात शिसे ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक आहे. त्यांपैकी सुमारे साडेसत्तावीस कोटी भारतातील आहेत. पेट्रोलमधून गेलेले शिसे इतर वाटांनी येतच राहिले. वस्तीच्या कडेला जुन्या बॅटऱ्या फोडून वितळविणाऱ्या बेकायदा भट्ट्या ही त्यांतील मोठी वाट. जुन्या घरांच्या भिंतींवरील आणि दारांवरील रंग ही दुसरी. घरगुती रंगांत दर दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक शिसे नसावे, हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वीचे थर मात्र घरोघरी तसेच आहेत. फटाक्यांत शिसे, पारा, आर्सेनिक, अँटिमनी व लिथियम वापरण्यास सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१७ मध्ये मनाई केली.

कायदा आहे, मानकेही आहेत. २००९ च्या राष्ट्रीय मानकांनुसार हवेतील शिशाची वार्षिक सरासरी दर घनमीटरला अर्ध्या मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक असता कामा नये. परंतु चौकातील फलकावर झळकणारा आकडा प्रामुख्याने धूळ किती, हे सांगतो. त्या धुळीत कोणता धातू आहे, हे कळण्यासाठी नमुना प्रयोगशाळेत न्यावा लागतो. ती तपासणी नियमित व्हावी आणि तिचे निष्कर्ष प्रभागनिहाय प्रसिद्ध व्हावेत, ही मागणी नागरिकांनी महापालिका व प्रदूषण नियंत्रण मंडळ यांच्याकडे सातत्याने लावून धरली पाहिजे.

काही गोष्टी घरापासून आरंभता येतात. इन्व्हर्टरची जुनी बॅटरी चार पैसे अधिक मिळतात म्हणून भंगारवाल्याला न देता अधिकृत विक्रेत्याकडेच परत करावी. ते चार पैसे कुणाच्या तरी लेकराच्या बुद्धीतून वजा होतात. जुना रंग कोरडा खरवडू नये. ओला करून काढावा आणि त्या दिवशी मुलांना व गर्भवतींना दूर ठेवावे. फरशी ओल्या फडक्याने पुसावी. बाहेरून आल्यावर आणि जेवणापूर्वी मुलांना हात धुवायला लावावेत; आजीची ही शिस्त येथेही कामी येते. मुलांच्या आहारात लोह व कॅल्शियम पुरेसे असावे. नाचणी, पालेभाज्या, डाळी, दूध ही आपल्याच स्वयंपाकघरातील सामग्री. अंगात लोह कमी असेल तर शिसे अधिक शोषले जाते.

भट्टीशेजारच्या झोपडीतील मूल आणि आठव्या मजल्यावरील मूल एकाच शहराची हवा घेतात. पण पहिल्याच्या वाट्याला तिच्यातील विष अधिक येते. त्याची तक्रार कुणी नोंदवत नाही. समाज म्हणून आपण एक असू, तर ती तक्रार आपलीच आहे, आणि ती नोंदविण्याचे कामही आपलेच आहे.