ढोल-ताशा आणि वादकांचे कान

गणेशोत्सवापूर्वी पुण्याच्या नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचा सराव रंगतो. घरी परतलेल्या वादकाच्या कानात शिट्टी वाजत राहते. सकाळी ती थांबली की तो निर्धास्त होतो. घात तेथेच आहे. अंतर्कर्णातील शंखाकृती नलिकेत सुमारे १५ हजार सूक्ष्म केशपेशी असतात. त्या एकदा मेल्या की पुन्हा निर्माण होत नाहीत. आधी उंच पट्टीचे ध्वनी हरपतात. ‘स’, ‘फ’ पुसट होतात आणि घरची मंडळी म्हणतात, मुलाचे लक्षच नसते! डीजेला आपण नावे ठेवतो, ठेवावीतच. परंतु डीजेचा आवाज घातक आणि ताशाचा पवित्र, हा भेद या पेशींना उमगत नाही. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तासांपर्यंत चालतो असे मानतात. पुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. १०० डेसिबलला उरतात जेमतेम १५ मिनिटे. कानात कोंबलेला कापूस येथे फारसा कामाचा नाही. स्पंजाचे इअरप्लग बोटांनी वळून, कान वर ओढून खोलवर बसवावे लागतात. पथकप्रमुखांनी ताशेवाल्यांना आलटून-पालटून विश्रांती द्यावी. शिट्टी दुसऱ्या दिवशीही थांबली नाही, तर कानाच्या डॉक्टरांकडून श्रवणचाचणी करून घ्यावी.