प्रकाशाची वाट अडवणारा स्फटिक

मोरपिसातला निळा-हिरवा रंग रंगद्रव्याचा नसतो. पिसात मेलॅनिनच्या बारीक काड्या ठरावीक अंतरावर रचलेल्या असतात आणि त्या अंतराशी जुळणारा प्रकाश तेवढा परत फिरतो. अशा नियमित रचनेला फोटॉनिक स्फटिक म्हणतात, आणि ती आधी गणित मांडून मुद्दामही घडवता येते. एली याब्लोनोविच आणि सजीव जॉन या भौतिकशास्त्रज्ञांनी १९८७ साली स्वतंत्रपणे सुचवले की, रचना योग्य असेल तर एका कंप्रतापट्ट्यातल्या प्रकाशाला तिच्यात कोणत्याही दिशेने वाट मिळणार नाही.

या गणिताचा पाया मॅक्सवेलची समीकरणे. त्यांना लहानमोठेपणाचे सोयरसुतक नाही. रचना आणि तरंगलांबी सारख्याच पटीने वाढवली आणि अपवर्तनांक तोच राहिला, तर उत्तर बदलत नाही. म्हणून याब्लोनोविच यांनी प्रकाशाऐवजी मायक्रोवेव्ह घेतल्या आणि हाताने हाताळता येतील असे ठोकळे कोरले. गोल पोकळ्यांच्या एका रचनेत अडवणारा पट्टा सापडल्याचे १९८९ साली जाहीर झाले.

गणित मात्र जुळेना. सुरुवातीच्या सोप्या आकडेमोडीत प्रकाशलहर आवाजासारखी, दिशा नसलेली धरली होती. विद्युतक्षेत्राला दिशा असते. ही दिशा, म्हणजेच ध्रुवीकरण, गाळली की प्रकाशाचे गणित अर्धेच होते. विद्युतक्षेत्राला दिशा असते, हे पुन्हा सांगायला हवे, कारण संगणकाच्या पडद्यावर रंगीत चित्र उमटले की काय गृहीत धरले होते हे विचारायचे विद्यार्थी हमखास विसरतात. दिशेसह हिशेब केल्यावर १९९० मध्ये दिसले, की एका ठिकाणी प्रकाशाला वाट देणारे दोन पट्टे एकमेकांना चिकटलेले आहेत. वाट पुरती बंद झालीच नव्हती.

त्याच वर्षी आयोवातल्या हो, चान आणि सुकुलिस या संशोधकांनी आकडेमोडीतून दाखवले की, हिऱ्यातल्या कार्बन अणूंसारखी मांडणी केल्यास अडवणारा पट्टा पूर्ण मिळतो. १९९१ मध्ये याब्लोनोविच यांच्या गटाने ठोकळ्याला वरून तिरकी भोके पाडली: प्रत्येक जागी तीन, उभ्या रेषेपासून सुमारे ३५ अंश कललेली, एकमेकांपासून १२० अंशांवर. मायक्रोवेव्ह खरोखरच अडल्या.

मॅक्सवेलची समीकरणे संगणकावर सोडवण्यासाठी आज सर्रास वापरली जाणारी केन यी यांची १९६६ची पद्धत इथे ओझरतीच सांगता येईल. जागेचे बारीक घनाकृती तुकडे करायचे आणि विद्युत व चुंबकीय क्षेत्रे आळीपाळीने पुढच्या क्षणाला न्यायची. तुकड्याची बाजू निम्मी केली की तुकडे आठपट होतात, काळाची पावलेही दुप्पट लागतात. काम सोळापट वाढते.