पावलाचा कोन आणि खुब्याचं हाड



नर्तकांच्या खुब्याच्या दुखण्याचा विचार आपण सहसा दवाखान्यात सुरू करतो. माझं म्हणणं असं की, त्यातलं बरंचसं दुखणं वर्गात, पहिल्या काही अडवूंच्या, म्हणजे मूळ पदन्यासांच्या, वेळीच रुजतं आणि टाळायचं तर तिथेच टाळता येतं. पाऊल किती बाहेर वळावं हे आपण आधी ठरवून टाकतो आणि तेवढं वळण खुब्याने पुरवावं अशी अपेक्षा धरतो. हा क्रम उलटा व्हायला हवा.

खुबा हा उखळीचा सांधा. मांडीच्या हाडाचा गोल माथा ओटीपोटाच्या हाडातल्या खोबणीत बसतो. खोबणीच्या कडेला लॅब्रम नावाची कूर्चेची कडी असते आणि कुकरच्या रिंगसारखी ती आतला द्रव सांध्यातच धरून ठेवते. मांडी किती बाहेर वळेल हे खोबणीची खोली आणि दिशा, मांडीच्या हाडाच्या मानेचा पीळ आणि पुढच्या अस्थिबंधाचा ताठरपणा यांवर ठरतं. मानेचा हा पीळ जन्मतः ३० ते ४० अंश असतो; वाढत्या वयात उतरत तो प्रौढपणी सरासरी १५ अंशांच्या आसपास स्थिरावतो. पण सरासरीच्या दोन्ही बाजूंना माणसं असतात. जिचा पीळ जास्त राहिला तिची मांडी आत सहज वळते, बाहेर जाताना लवकर अडते. तिचा सराव दुप्पट केला म्हणून हा हिशेब बदलत नाही.

आता अरमंडीत, म्हणजे गुडघे बाहेर वळवून अर्धवट बसलेल्या मुलीकडे जरा खाली वाकून पाहू. पावलं आडव्या रेषेत आलेली आहेत, गुरूंचं समाधान झालेलं आहे. पण गुडघ्याची वाटी पावलाच्या बोटांकडे न पाहता समोर पाहते आहे. तळपायाची कमान चेपली आहे आणि अंगठ्याची बाजू फरशीला घट्ट चिकटली आहे. कमरेला खोल बाक आला आहे. हा बाक मोठा फसवा. ओटीपोट पुढे झुकलं की खुब्यापुढचा अस्थिबंध सैल पडतो आणि चार अंश फुकटात मिळाल्यासारखे वाटतात. मात्र खोबणीची पुढची कडाही खाली येते, आणि मांडी वर घेताना लॅब्रम तिथे चिमटतं. म्हणून ही मुलगी ‘कंबर दुखते’ म्हणते, पण हाताचा पंजा खुब्याभोवती लावून बोट जांघेकडे नेते. पावलापासून सुरू केलेल्या वळणाची वसुली गुडघा, तळपाय आणि जांघ या तिघांकडून होते. वळण खुब्यातून सुरू केलं, म्हणजे पावलं समांतर ठेवून आधी मांड्या फिरवल्या आणि पावलांना मागून येऊ दिलं, तर कोन थोडा लहान दिसेल. पण गुडघा पावलाच्या दुसऱ्या बोटावर राहील आणि ठेका खणखणीत पडेल.

यावर पहिला आक्षेप असा की, लहान वयात हाड वळतं, म्हणून लवकर आणि जोर लावून सुरुवात करावी. यात तथ्य अजिबात नाही असं नाही. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या बॅले नर्तकांच्या एका अभ्यासात, ११ ते १४ या वयात अधिक तास सराव केलेल्यांच्या हाडाचा पीळ कमी आढळला. परंतु ज्यांची हाडं मुळातच अनुकूल होती त्याच जास्त तास टिकल्या असतील, ही शक्यता असा अभ्यास पुसून टाकू शकत नाही. आणि तो सरावाच्या तासांबद्दल आहे; बेडकासारखं पालथं झोपवून मुलीच्या मांड्यांवर उभं राहण्याबद्दल नाही. ही पद्धत आजही काही वर्गांत चालते. ती बंद झाली पाहिजे, याबाबत मला मुळीच मवाळ व्हायचं नाही.

दुसरा आक्षेप दवाखान्याकडून येतो: एमआरआयमध्ये लॅब्रम फाटलेलं स्पष्ट दिसतंय, मग वर्गाला दोष कशाला? पण २०१२च्या एका अभ्यासात कसलाही त्रास नसलेल्या ४५ जणांचे खुबे तपासले, तर ६९ टक्के जणांमध्ये लॅब्रमची चीर निघाली. २०१६च्या वॉरिक सहमतीनेही हाडं एकमेकांवर घासण्याच्या विकाराचं निदान करायला लक्षणं, तपासणी आणि प्रतिमा ही तिन्ही एकत्र मागितली आहेत. नुसत्या चित्रावरून ना नाच थांबवावा, ना शस्त्रक्रिया करावी. तसंच पाय वर घेताना खुब्यात ‘कट्’ वाजतं त्याचं. बहुधा तो हाडावरून सरकणारा स्नायुबंध असतो. दुखत नसेल तर खुशाल वाजू द्यावं.

तिसरा आक्षेप परंपरेचा: वेदनेशिवाय साधना कुठली? थकलेले स्नायू आणि चिमटलेला सांधा यांत गल्लत झाली की हा प्रश्न पडतो. मांडीत भरणारे गोळे दोन दिवसांत उतरतात. जांघेतली कळ रोज त्याच हालचालीला परत येते. खुद्द नाट्यशास्त्रात चारींच्या विवेचनात व्यायामाचे नियम येतात. तिथे थकलेल्याने, भुकेल्याने व्यायाम करू नये असं सांगून पौष्टिक आहारावर भर दिला आहे. परंपरेचा दाखला द्यायचा तर तो पुरता द्यावा.

भुकेचा मुद्दा एवढ्यावर सोडता येत नाही. कमी खाणारी, पाळी थांबलेली मुलगी अरंगेत्रमच्या, म्हणजे पहिल्या जाहीर सादरीकरणाच्या, आधी अचानक सराव वाढवते, काँक्रीटवर बसवलेल्या शहाबादी फरशीवर अनवाणी तट्टडवू करते, आणि पाय आपटला की जांघेत कळ येते. अशा वेळी मांडीच्या हाडाच्या मानेला ताणाची भेग गेली असल्याचा संशय धरायलाच हवा. सुरुवातीचा एक्स-रे निर्दोष दिसू शकतो. तिला त्याच दिवशी थांबवावं आणि एमआरआय करून घ्यावा. भेग सरकली तर खुबाच धोक्यात येतो. कथकमध्ये अरमंडी नाही, पण तत्कार आणि चक्करांचा भार आहेच. त्यामुळे ही सूचना कथक करणाऱ्यांनाही लागू.

दुपारच्या सत्रात याविषयीचा ठराव मांडला जाईल तेव्हा माझी विनंती इतकीच. प्रवेशाच्या वेळी प्रत्येक मुलीला पालथं झोपवून, गुडघा काटकोनात दुमडून, ओटीपोट न हलवता मांडी किती बाहेर फिरते हे मोजावं. हे माप ढोबळ आहे, अरमंडीत यापेक्षा थोडं जास्त मिळतं, पण डावीउजवीकडचा फरक त्यात लगेच कळतो. ते वहीत नोंदवून वर्षाने पुन्हा घ्यावं. आणि परीक्षा घेणाऱ्या परीक्षकांनी अरमंडीचे गुण देताना पावलांची रेषा मोजण्याआधी गुडघ्याची वाटी कुठे पाहते आहे, ते पाहावं.