हातानं लावलेला फोकस

मी मूळचा तारापूरचा, राहतो पालघरला आणि कविता लिहितो. आज मात्र कवितेविषयी नाही, एका जुन्या लेन्सविषयी बोलणार आहे.

गेल्या पावसाळ्यात माझा भाचा नवा कॅमेरा घेऊन तारापूरच्या घरी आला. अम्मी खिडकीच्या आत बसून तांदूळ निवडत होती. भाच्यानं अंगणातून कॅमेरा रोखला, बटण दाबलं. फोटो पाहिला तर खिडकीचे गज, त्यांवरचा गंज, गजाला लोंबणारा पावसाचा थेंब, सगळं लख्ख. मागे अम्मी धुक्यात. तिनं चष्मा लावून फोटो पाहिला आणि म्हणाली, ‘‘खिडकी छान आलीय.’’

सगळे हसले. मला मात्र ते लागलं, कारण माझे अब्बा फोटोग्राफर होते. बोईसरला त्यांचा छोटा स्टुडिओ होता. तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ मध्ये सुरू झालं, पुढे कारखाने आले, गावोगावची माणसं कामाला आली. प्रत्येकाला गेटपाससाठी फोटो लागे. त्या लाकडी स्टुलावर किती चेहरे बसून गेले असतील, हिशेब नाही. पण अम्मीचा एकटीचा असा एकही फोटो घरात नाही. अब्बा म्हणत, ‘‘बस जरा.’’ ती म्हणे, ‘‘आज नको.’’ अब्बा गेले, स्टुडिओ बंद झाला, आणि फोटो राहूनच गेला.

त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत एक रशियन झेनिट कॅमेरा होता. मुंबईच्या चोरबाजारातून आणलेला. लग्नाच्या मांडवात ते तो वापरत. त्याचं शटर कधीच अडकलंय, पण पुढची लेन्स शाबूत होती. हेलिओस ४४-२. अंतर ५८ मिलिमीटर, छिद्र सर्वांत मोठं उघडलं की आकडा २. जर्मनीच्या झाइसच्या बायोटार लेन्सवरून सोव्हिएत कारखान्यांनी तिची रचना घेतली होती. खाडीकाठच्या दमट हवेनं आत बुरशीचं जाळं धरलं होतं. अम्मीनं ती उजेडाकडे धरली आणि म्हणाली, ‘‘माझ्या उजव्या डोळ्यासारखी झालीय.’’ तिच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. डाव्याचं ऑपरेशन दोन वर्षांपूर्वी झालं.

मुंबईत एका कारागिरानं लेन्स उघडून साफ करून दिली. बुरशी काचेवरचा लेप खाते, त्यामुळे एक पुसट डाग राहिलाच. फोटोत तो दिसत नाही. दिवा समोर आला तर मात्र फोटो थोडा फिका पडतो.

आता प्रश्न असा, की फिल्मच्या जमान्यातली लेन्स डिजिटल एसएलआरवर बसायची कशी? माझ्याकडे वापरलेला कॅननचा कॅमेरा आहे. हेलिओसला मागे ४२ मिलिमीटर व्यासाचे आटे असतात, बाटलीच्या झाकणासारखी ती फिरवून बसवायची. कॅननला असे आटे नाहीत. मध्ये एक धातूची रिंग लागते, तिला ॲडॅप्टर म्हणतात. काहीशे रुपयांत मिळते.

या रिंगेत काच नसते. ती फक्त अंतर राखते. प्रत्येक कंपनीनं लेन्सचं बूड आणि फिल्म यांच्यातलं अंतर ठरवलेलं असतं. आट्यांच्या लेन्ससाठी ते सुमारे ४५.५ मिलिमीटर आहे, कॅननच्या एसएलआरसाठी ४४. म्हणजे दीड मिलिमीटरची जागा उरते आणि तेवढ्यात ही रिंग बसते. निकॉनच्या एसएलआरचं अंतर ४६.५ आहे. तिथे लेन्स आधीच जरा जास्त पुढे राहते, म्हणून जवळचं नीट दिसतं पण लांबचा डोंगर स्पष्ट होत नाही. त्यासाठी काच बसवलेली रिंग घ्यावी लागते आणि त्या काचेनं चित्र थोडं बिघडू शकतं. कुणाच्या घरी अशी जुनी लेन्स असेल, तर आधी ही अंतरं बघा, मगच रिंग घ्या. अलीकडच्या आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांत हे अंतर बरंच कमी असतं, त्यामुळे त्यांवर जवळपास कुठलीही जुनी लेन्स चढते.

लेन्स बसली, पण कॅमेरा तिला ओळखत नाही. छिद्राच्या आकड्याजागी नुसती दोन शून्यं दाखवतो. छिद्र हातानं लावायचं, फोकस हातानं लावायचा. प्रकाश तेवढा कॅमेरा मोजतो. आणखी एक गोष्ट. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर फिल्मपेक्षा लहान असल्यानं चित्राचा मधलाच भाग येतो आणि ५८ ची लेन्स साधारण ९३ सारखी वागते. चेहऱ्यासाठी ते बरंच.

खरी परीक्षा फोकसची. जुन्या अनेक कॅमेऱ्यांत मधोमध दुभंगलेलं चित्र दिसे. दोन अर्धुकं जुळली की फोकस लागला. आताच्या एसएलआरच्या काचेत ती सोय नसते, कारण ते काम यंत्रानं करायचं असतं. त्यात माझं वय पन्नाशीपलीकडचं, जवळचं धूसर. सातपाटीच्या बंदरावर सराव केला. दोन सकाळींत एकही मासळीवाली स्पष्ट आली नाही. मग कळलं, की डोळा लावतो तिथे बाजूला एक छोटं चाक असतं, ते आपल्या नंबराप्रमाणे फिरवायचं. आणि मागच्या पडद्यावर चित्र दहापट मोठं करून फोकस तपासायचा.

मग एका दुपारी तारापूरला गेलो. पाऊस होता, उजेड कमी. अम्मी त्याच खिडकीशी. या वेळी ‘आज नको’ म्हणाली नाही. ‘‘अब्बांची लेन्स आहे ना, मग काढ,’’ म्हणाली.

लेन्स गजांच्या अगदी जवळ नेली. छिद्र पूर्ण उघडं असलं की इतके जवळचे गज विरघळून जातात. अम्मी हाताच्या अंतरावर, चेहरा थोडा वळवलेला. एक मीटरवर या लेन्सनं छिद्र उघडं ठेवलं, तर जेमतेम दोन-अडीच सेंटिमीटर खोलीचा भाग स्पष्ट येतो. म्हणजे दोन्ही डोळे एकदम येणार नाहीत. एक निवडायचा.

माझ्या जवळचा डोळा उजवा, मोतीबिंदूचा. लांबचा डावा, ऑपरेशन झालेला. डोळा ओळखून फोकस लावणारे आजचे कॅमेरे सहसा जवळचा डोळा धरतात, आणि बहुतेक वेळा ते बरोबरच असतं. पण अम्मी मला पाहत होती ती डाव्या डोळ्यानं. मी रिंग त्या डोळ्यावर आणली, मग हात स्थिर ठेवून श्वास रोखला आणि सगळं अंगच केसभर पुढे-मागे करत राहिलो. ती बोलली की फोकस गेला, ती हसली की गेला. एक्केचाळीस फोटो काढले. चार जमले.

यंत्राला मी नावं ठेवत नाही. भाच्याचा कॅमेरा पळत्या लोकलच्या दारातलं पोर टिपतो, माझ्याच्यानं ते होणार नाही. पण यंत्र समोर काय आहे ते पाहतं. त्यातलं आपल्याला काय हवंय, ते आपणच ठरवायचं असतं. हातानं फोकस लावताना ते ठरवणं टाळता येत नाही, इतकंच. आणि चुकलं तर चूकही आपलीच.

फोटोची मोठी प्रत करून अम्मीला दिली. तिनं एकेक डोळा झाकून पाहिला. म्हणाली, ‘‘सुरकुत्या सगळ्या आल्या. तुझ्या अब्बांनी निगेटिव्हवर पेन्सिल फिरवली असती.’’ मग बोट ठेवून विचारलं, ‘‘हा उजवा डोळा धूसर का?’’

मी लेन्सचं कारण सांगितलं. ती थोडा वेळ पाहत राहिली.

‘‘असू दे,’’ म्हणाली. ‘‘त्या डोळ्याला तूही असाच दिसतोस.’’

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन आता ठरलं आहे. लेन्स मी हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवली आहे. ऑपरेशन झालं की पुन्हा एक फोटो काढायचा आहे, त्याच खिडकीत.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)