निरंक

आजपासून ज्यांना सगळा गाव 'सिस्टर', 'ब्रदर' म्हणून हाक मारणार आहे अशा मुला-मुलींनो,

तुमचं अभिनंदन. मनापासून करते, पण अभिनंदन करणारे माझ्याआधी चार जण होऊन गेले, म्हणून लांबवत नाही. संयोजकांनी पत्रिकेत मला 'निवृत्त' लिहिलंय. कंत्राटी माणूस निवृत्त होत नाही हो, त्याचं कंत्राट संपतं.

मी बीएएमएस. 'फक्त बीएएमएस' असंही म्हणतात, तोंडावर म्हणतात. इथेच कन्नडला माझा छोटा दवाखाना होता. २०१३ साली राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आला आणि मी पथकात रुजू झाले. दोन डॉक्टर, एक औषधनिर्माता, एक एएनएम आणि एक गाडी. अंगणवाडीत वर्षातून दोनदा जायचं, शाळेत एकदा. जन्मजात व्यंग, आजार, कमतरता आणि वाढीतला उशीर, हे चार शोधायचे. कार्यक्रम चांगला आहे, खोटं कशाला बोलू? पण आमचा करार अकरा महिन्यांचा. अकरा महिने तुम्ही डॉक्टर, मग एक दिवस कुणीच नाही, मग पुन्हा डॉक्टर. त्या एका दिवशी पोरांना ताप येऊ नये, अशी अपेक्षा असावी.

पहिल्याच वर्षी घाटाकडच्या एका आश्रमशाळेत गेलो. दोनशे मुलं, एक दिवस. हिशेब करा, एका मुलाला दीड मिनिट. मी खुर्चीवर बसून जीभ बघतेय, पापणी ओढतेय, 'काही त्रास?' विचारतेय, आणि प्रत्येक पोर म्हणतंय, 'काही नाय.' बंजारा तांड्यावरची एक मुलगी आली, तिसरीतली. गुरुजींनी आधीच सांगितलं, 'ही जरा मंद आहे मॅडम, हाक मारली तरी वळत नाही.' वाढीतल्या उशिराच्या रकान्यात खूण करायला मी पेन उचललंसुद्धा. आमची सिस्टर उवा बघायला तिच्या केसांत हात घालून उभी होती. ती वाकली, थांबली आणि म्हणाली, 'मॅडम, वास येतोय.' कानात गादीतला कापूस कोंबलेला. आत पू. तपासणीत दोन्ही पडद्यांना भोकं निघाली. पोरगी मंद नव्हती, तिला ऐकूच येत नव्हतं.

तिची याडी, म्हणजे आई, दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळीबरोबर गेली होती. ती घरी असती तर रात्री पोरीला जवळ घेताना तो वास तिला आला असता. निवासी शाळेत जेवण मिळतं, गणवेश मिळतो, वह्या मिळतात. कुशीत घेणारं कुणी नसतं, आणि लहान मुलांचे अर्धे आजार कुशीतच सापडतात.

ऑपरेशन मोफत होणार होतं. पण संमतीवर पालकांची सही हवी. आई-बाप कुठल्या फडात आहेत ते मुकादमाला ठाऊक, आणि मुकादम फोन उचलेना. पोरीच्या निमित्तानं जोडी निघून गेली तर दिलेली उचल बुडेल, ही त्याची भीती. सही झाली गुढीपाडव्याला. तोवर 'हिला पहिल्या बाकावर बसवा' एवढंच मी सांगू शकले.

आता खरूज. तिला कुणी आजार मानतच नाही. एका वर्षी दोनशे मुलांमागे औषधाच्या दहा ट्यूब आल्या. जो जास्त खाजवतो त्याला ट्यूब द्यायची. पंधरा दिवसांनी तोही पुन्हा खाजवतोय, कारण शेजारी झोपणाऱ्याचं अंग तसंच होतं. खरजेचं औषध सगळ्यांना एकाच रात्री लावायचं असतं, मानेपासून तळपायापर्यंत, आठवड्याभरानं पुन्हा, आणि अंथरूण-पांघरूण गरम पाण्यात धुवायचं. शेवटी आम्ही वर्गणी काढली आणि एका शनिवारी रात्री अख्खी शाळा माखून काढली, स्वयंपाकी आणि चौकीदारासकट. अधीक्षक तेवढे म्हणाले, 'मला काही नाही.' खिशातला हात मात्र सारखा हलत होता.

त्याच शाळेचा त्या महिन्याचा अहवाल मी पाहिला. त्वचारोग : निरंक.

हा शब्द नोकरीत तुम्हाला पहिल्याच आठवड्यात भेटेल. रकाना रिकामा ठेवलेला चालत नाही, आकडा लिहिला तर वरून फोन येतो. निरंक लिहिलं की सगळे सुखी. लोहाच्या निळ्या गोळ्यांचंही तेच. नोंदवहीत सगळ्यांनी गिळलेल्या, आणि पावसानंतर वसतिगृहाच्या मागच्या भिंतीवर निळे ओघळ. पोरं खिडकीतून फेकत होती, कारण गोळी उपाशीपोटी दिली की मळमळतं. जेवणानंतर द्या म्हटलं, तर 'वेळापत्रकात बसत नाही' म्हणाले.

एका पावसाळ्यात पहाटे दुसऱ्या एका शाळेतून फोन आला. 'मॅडम, पोरगं पोट दुखतं म्हणतंय. नाटक असेल, आज चाचणी आहे.' मी म्हटलं, त्याला डोळे उघडायला सांगा. थोड्या वेळानं उत्तर आलं, 'पापण्या वर जात नाहीत.' मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावतो. फारसं दुखत नाही, सूज येत नाही, खूणही कित्येकदा सापडत नाही. पहाटे पोट दुखतं, मग पापण्या जड होतात, मग श्वास. १०८ वेळेत पोचली, पोरगं वाचलं. अहवालात सर्पदंश : निरंक. का? तर दंशाची खूण नव्हती.

मला ते कळलं याचं श्रेय डॉ. हिंमतराव बावस्करांच्या सर्पदंशावरच्या लिखाणाला. आपल्याच मराठवाड्यातला, जालना जिल्ह्यातला हा माणूस महाडजवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात विंचू चावलेल्यांच्या उशाशी रात्र-रात्र बसला, दिसेल ते टिपत गेला, आणि विंचूदंशावर प्राझोसिन चालतं हे १९८६ साली 'लॅन्सेट'मध्ये मांडलं. त्यानं 'निरंक' लिहिलं असतं तर?

२०१६ साली डॉ. सुभाष साळुंके यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं राज्यातल्या आदिवासी आश्रमशाळांतले मृत्यू तपासले. पंधरा वर्षांत हजारावर मुलं गेली होती, आणि कित्येकांच्या मृत्यूचं नेमकं कारण नोंदीत सापडलं नाही. शिवाय ही मोजणी आदिवासी विभागाच्या शाळांची. आपल्याकडे बंजारा विमुक्त जातींत मोडतात, त्यांच्या आश्रमशाळा वेगळ्या विभागाच्या. तिकडे तेलंगणात हाच समाज अनुसूचित जमातींत. भिल्लाच्या पोराचा ताप एका फाइलीत, तांड्यावरच्या पोराचा दुसऱ्या. मंत्रालयात यावर बोलायला मला कुणी बोलावलं नाही, म्हणून इथे बोलून घेतलं.

वेळ संपल्याची चिठ्ठी आली आहे. उपदेश एकच. डॉक्टर टेबलापलीकडे बसतो, मुलाच्या अंगाला हात तुमचा लागतो. 'काही नाय' हे निवासी शाळेतल्या मुलाचं उत्तर नसतं, ती त्याला लागलेली सवय असते. त्यावर विसंबू नका. केसांत हात घाला, बोटांच्या बेचक्या बघा, कानाशी वाका, पापण्या वर करायला सांगा. एवढं करून खरंच काही सापडलं नाही, तर खुशाल निरंक लिहा. फक्त लिहिताना तुमच्या बोटांना त्या पोरांच्या डोक्यातल्या तेलाचा वास येत असला पाहिजे.