काकांची नाडी आणि अकरा दावे
(वनहक्क शिबिरात केलेलं भाषण)



मला दाव्यांच्या कागदावर बोलायला सांगितलंय. पण आधी काकांचं सांगतो. ते त्याच कागदाचं आहे.

शिमग्याला आमच्या पाड्यात चार दिवस दारू चालली. मोहाची संपली तशी नवसागराची आणली. काका जेवत नव्हते, नुसते पीत होते. पाचव्या दिवशी म्हणाले, छातीत कोंबडं फडफडतंय. आम्ही हसलो. मग भगत झाला, अंगारा झाला. दोन दिवसांनी सकाळी तोंड वाकडं, उजवा हात लुळा, वाचा गेली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी समजावलं. काळजाला चार कप्पे असतात, ते विजेच्या बारीक इशाऱ्यावर तालात चालतात. जास्त दारूने इशारा बिघडतो, वरचे कप्पे आवळत नाहीत, नुसते थरथरतात. रक्त तिथं साचतं, गुठळी होते, ती मेंदूत गेली की लकवा. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी १९७८ मध्ये याला 'सुट्टीतलं हृदय' नाव दिलं, कारण सुट्टीत ढोसून माणसं अशी यायची. म्हणजे हे आदिवासीचंच दुखणं नाही, शहरातल्या बाटलीनेही होतं. आपल्याला दारुडे म्हणतात त्यांना हे सांगा.

देवाला धार सोडायची ती सोडा, मोहाला मी नावं ठेवत नाही. पण नाडी बघायला शिका. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवायची. बसलेल्या माणसाचे मिनिटाला ६० ते १०० ठोके, सारख्या अंतराने. ताल मोडला, धाप लागली, चक्कर आली तर त्याच दिवशी दवाखाना. दारू थांबली की पुष्कळांचा ठोका जाग्यावर येतो, पण सगळ्यांचा नाही. तोंड वाकडं झालं तर लगेच निघा. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. आणि रोज पिणाऱ्याने एकदम सोडली तर फिट येऊ शकते, म्हणून डॉक्टरांना किती पितो ते खरं सांगा.

आता कागद. कब्जा १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा दाखवायचाय. आमच्याकडे दंडाच्या पावत्या नाहीत. दावेदार सोडून दुसऱ्या वडीलधाऱ्याचा लेखी जबाब पुरावा म्हणून चालतो. आमच्या पाड्यातल्या अकरा दाव्यांना काका जबाब देणार होते. कुणी कुठलं रान कधी फोडलं, बांध कुठून कुठं, सगळं त्यांना तोंडपाठ. पाहणीला त्यांना डोलीतून नेलं. साहेबांनी विचारलं. काकांच्या डोळ्यांतून पाणी आलं, शब्द आला नाही.

त्यांच्या बरोबरीचे दोन म्हातारे पलीकडच्या पाड्यात आहेत. त्यांचा जबाब आजच लिहून घ्यायचाय. वही मी आणलीय. जेवणानंतर माझ्यासोबत कोण येतं?